धुणार कोण, हे आधी विचारा: दान द्यायच्या बाळ-विणकामासाठी लोकर निवडताना

विचारणाऱ्या ताईंचा भिशीतल्या आठ-दहा जणींचा गट आहे, नाशिकचा. या हिवाळ्यात टोपडी, मोजे, स्वेटर विणून अर्धे सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात आणि अर्धे पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर द्यायचे असं त्यांनी ठरवलंय. आता गाडी लोकरीवर अडली आहे. दुकानदार म्हणतो, ‘बेबी वूल’ घ्या, सगळे तेच नेतात. एकीच्या जाऊबाई म्हणतात, ते नुसतं प्लास्टिक, बाळाच्या अंगाला शुद्ध लोकरच हवी. तिसरीचं मत, सुतीशिवाय काही देऊच नये. ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

तिघांचंही, पण वेगवेगळ्या बाळांसाठी. मी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हे काम करते आहे. त्यातली पहिली काही वर्षं चुका करण्यात गेली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक घोळ मिटवू. मराठीत आपण सुयांवर चढणाऱ्या प्रत्येक धाग्याला ‘लोकर’च म्हणतो. दुकानात काचेमागे रंगीत गुंडे रचलेले असतात, त्यातले बहुतेक लुधियानाच्या गिरण्यांतून आलेले आणि बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे. त्यांत मेंढीचा एक केसही नसतो. नावावर ‘वूल’ लिहिलं आहे की ‘बेबी सॉफ्ट’, याला अर्थ नाही. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर टक्के छापलेले असतात, ते वाचायचे. पुढे मी मेंढीच्या लोकरीला ‘खरी लोकर’ म्हणेन.

आता मुद्दा. नातवासाठी विणताना आपल्याला माहीत असतं की सूनबाई स्वेटर कोमट पाण्यात बुचकळणार, टॉवेलात गुंडाळून पिळणार, सावलीत पसरणार. दान दिलेली वस्तू कोणाच्या हातात जाणार, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून तंतू निवडायच्या आधी मी एकच विचारते: हे धुणार कोण, कसल्या पाण्यात आणि कशाने? एकदा ते कळलं की बाकी निवड निम्मी झालेली असते.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने मेरिनो मेंढीची महागाची लोकर मागवली, मऊसूत, पिसासारखी, आणि बावीस स्वेटर विणून मेळघाटातल्या एका गावात दिले. चिखलदऱ्याच्या बाजूला थंडी कशी असते ते मी पाहिलं होतं, त्यामुळे खरी लोकरच द्यायची हा माझाच हट्ट. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तर एका घरापुढच्या दांडीवर माझाच स्वेटर वाळत होता. बाहुलीला बसेल एवढा, आणि नमद्यासारखा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड चटईसारखा, घट्ट. त्या बाईने ओशाळून सांगितलं, “लय गरम होता जी, पन धुतला अन् आटून गेला.” तिने काय चूक केली होती? काहीच नाही. बाळाचा कपडा कढत पाण्यात, धुण्याच्या वडीने, दगडावर घासून स्वच्छ धुतला होता. कोणतीही दक्ष आई असंच करेल. चूक माझी होती.

खऱ्या लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे खवले असतात. गरम पाण्यात आणि साबणाच्या क्षारात ते उघडतात, घासलं की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. नमदा मुद्दाम याच युक्तीने करतात. आपल्या स्वेटरचा तो नकळत होतो, आणि एकदा झाला की ताणून, वाफ देऊन काही उपयोग नसतो. यावर उपाय म्हणून ‘सुपरवॉश’ लोकर मिळते. क्लोरिनची प्रक्रिया करून तिचे खवले झिजवतात आणि वरून रेझिनचा पातळ थर देतात. ती मशीनमध्ये धुतली तरी आटत नाही, पण ते चाळीस अंशांच्या पाण्यापुरतं. उकळत्या पाण्याचा भरवसा तिच्याकडूनही नको. शिवाय किंमत अशी की तेवढ्यात ॲक्रिलिकचे कितीतरी गुंडे येतील. चार टोप्यांऐवजी वीस टोप्या झाल्या तर मला त्या वीस हव्यात.

रुग्णालयाचं धुणं याहून कडक. तिथल्या कपड्यांसाठी जंतू मारायला निदान ७१ अंश सेल्सिअसचं पाणी आणि २५ मिनिटं, असा दंडक सांगितला जातो. काही ठिकाणी वस्तू १२१ अंशांच्या वाफेत, ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. रक्त-शी-शू लागलेले कपडे आधी ब्लीचच्या द्रावणात बुडवतात. खरी लोकर ब्लीचमध्ये नुसती खराब होत नाही, चक्क विरघळते, कारण ती केसासारखीच प्रथिनाची बनलेली आहे. ॲक्रिलिकला ब्लीचचं काही वाटत नाही, पण उष्णता त्याला मारते. गरम पाण्यात ते ढिलं पडतं, त्यातली उसळी जाते, आणि टोपडं ओल्या पोतेऱ्यासारखं लोंबायला लागतं. ॲक्रिलिकवर कडक इस्त्री फिरवून पाहिलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. आमच्या पहिल्या साठ टोप्यांचं एका धुलाईत असं झालं होतं. सिस्टर बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या वेळी मीच कपाटात डोकावले तेव्हा कळलं.

म्हणून नवजात कक्षासाठी सुती. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे खेळण्यातले ऑक्टोपस विणून देतात. त्यांचाही नियम शंभर टक्के सूत असाच आहे, कारण ते साठ अंशांत धुवावे लागतात. तिथेही धागा धुलाईनेच ठरवला.

पण सुताचेही नखरे आहेत. सुती धागा जड असतो आणि त्याला ताण नसतो. खरी लोकर किंवा ॲक्रिलिक ओढून सोडलं की जागेवर येतं, सूत ओढलं की तसंच राहतं. त्यामुळे सुती टोपी आठवडाभरात सैल होऊन बाळाच्या डोळ्यांवर उतरते. उपाय म्हणजे सुई एक नंबर बारीक घ्यायची, काठाला निदान चार-पाच सेंटिमीटर दोन सुलट-दोन उलट घालायचं, आणि माप डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवायचं. धागा चकचकीत मर्सराइज्ड नको. तो क्रोशाच्या रुमालांना, तोरणांना शोभतो, बाळाच्या कपाळाला मात्र कडक लागतो. साधं, मॅट, मऊ पिळाचं सूत घ्या. निम्मं सूत-निम्मं ॲक्रिलिक अशी मिश्रणं मिळतात. ती हलकी असतात आणि जरा ताणही घेतात. रुग्णालयाने “आम्ही साध्या गरम पाण्यातच धुतो, उकळत नाही” असं सांगितलं, तर मी तेच घेते.

सुताची दुसरी खोड ओलाव्याची. कोरड्या दिसणाऱ्या सुतातही वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के हवेतली ओल असते, खऱ्या लोकरीत सुमारे सोळा टक्के, ॲक्रिलिकमध्ये जेमतेम एक-दोन. खरी लोकर एवढी ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी आणि उबदार लागते. सूत मात्र ओलं झालं की अंगाला चिकटून गारवा देतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं, त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाचा साधारण पाचवा हिस्सा. ओली टोपी तिथे राहिली तर ऊब देण्याऐवजी ती ऊब ओढून घेते. बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं, आणि दीड-दोन किलोच्या बाळाला ते राखायला फार झगडावं लागतं. म्हणून सुती टोप्या द्यायच्या तर प्रत्येक बाळामागे एक देऊन भागत नाही, दोन-तीन लागतात. एक डोक्यावर, एक धुण्यात, एक वाळत. संख्या ठरवताना हा हिशेब धरा.

नवजात कक्षात ‘कांगारू’ पद्धत चालते, तीही समजून घ्या, कारण आपण काय विणायचं ते त्यावर ठरतं. १९७८-७९च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. रे सानाब्रिया आणि डॉ. मार्टिनेझ यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं थेट आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती पद्धत आज आपल्याकडच्या सरकारी नवजात कक्षांतही रुळली आहे. यात बाळाच्या अंगावर लंगोट, डोक्यावर टोपी, पायांत मोजे, फार तर पुढून उघडं बिनबाह्यांचं झबलं, एवढंच असतं. पोट आणि छाती आईच्या कातडीला लागायलाच हवी. म्हणजे तुम्ही मन लावून विणलेला पूर्ण बाह्यांचा, गळाबंद स्वेटर तिथे अडचणच करणार. कक्षासाठी टोप्या आणि मोजे, बस्स. स्वेटर घरी जातानाच्या पिशवीसाठी किंवा पाड्यांसाठी ठेवा.

आता पाडे. इथे मी ॲक्रिलिकच्या बाजूने उभी राहते, आणि जाऊबाईंचा राग ओढवून घेते. पेठ-सुरगाण्याच्या, तोरणमाळच्या किंवा धडगावच्या घरात तो स्वेटर विहिरीच्या नाहीतर ओढ्याच्या गार पाण्यात धुतला जाणार, दगडावर आपटला जाणार, उन्हात वाळणार आणि एका बाळानंतर धाकट्याला मिळणार. ॲक्रिलिक हे सगळं सोसतं. आटत नाही, कसर लागत नाही, एका रात्रीत वाळतं. गार पाण्यात घासलं तरी त्याचं काही बिघडत नाही, त्याचं वैर उकळत्या पाण्याशी. वापरताना अट एकच: अंगाला लागून सुती झबलं, त्यावर हा स्वेटर. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, थेट अंगावर घातलं तर दुपारच्या उन्हात बाळाला घामोळं येतं. स्वेटर पुढून उघडा किंवा बिनबाह्यांचा केला तर ऊन चढल्यावर आईला तो पटकन काढता येतो.

पण ॲक्रिलिकचा एक खरा धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. ते जळताना वितळतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. ज्या घरात चूल त्याच खोलीत, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, आणि थंडीत अंगणात शेकोटी, तिथे हा विचार करावाच लागतो. खरी लोकर या बाबतीत सगळ्यांत शहाणी. ती सहज पेट घेत नाही, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते. सूत वितळत नाही, पण भुरभुर पेटतं. म्हणून पाड्यांसाठी मी ॲक्रिलिकचे फक्त अंगालगत बसणारे स्वेटर आणि टोप्या करते. लोंबती शाल, झालर, गोंडे काही नाही. आणि देताना गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या तोंडून एक वाक्य सांगायला लावते: शेक देताना हा काढून ठेवायचा.

ॲक्रिलिकचं पांघरूण मात्र मी विणतच नाही. दुपट्यासाठी लोकर हवीच कशाला? जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीची गोधडी शिवा. ती उकळता येते, वाळते, वजनाला बेताची, आणि तीन-चार लुगड्यांत दोन-तीन लहान गोधड्या होतात. विणायला बसलेल्या प्रत्येकीला मोठ्ठं पांघरूण करायची हौस येते, पण त्यात तीनशे-चारशे ग्रॅम धागा जातो आणि महिनाभर सुया अडकून पडतात. शिवाय विणीच्या भोकांतून बाळाची बोटं अडकतात. आमच्या गटातल्या ज्यांना सुया जमत नाहीत, त्या गोधडीचे टाके घालतात. त्यांचं काम माझ्याहून जास्त वर्षं टिकतं, हे मला अधूनमधून ऐकवलंही जातं.

मग खऱ्या लोकरीला काही जागाच नाही का? आहे. एखाद्या संस्थेचं स्वतःचं पाळणाघर किंवा बालगृह असेल, धुणारी बाई ठरलेली असेल आणि तिच्याशी तुम्ही बसून बोलला असाल, तर जरूर द्या. थंडीत तिच्यासारखं काही नाही. फक्त ती बारीक केसाची हवी. केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मेरिनो साधारण २४ मायक्रॉनच्या आतली असते. तीसच्या वर गेलेले जाड केस कातडीत वाकत नाहीत, टोचतात, आणि असे केस शेकडा पाचापेक्षा जास्त झाले की अंगाला खाज सुटते. “आमच्या बाळाला लोकरीची ॲलर्जी आहे” असं आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा हे टोचणं असतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीसाठीच देवाने घडवलेली. धनगरांच्या घोंगडीवर माझं अतोनात प्रेम आहे, पण ती लोकर कातून बाळाचं टोपडं करायचा मोह एका मैत्रिणीला झाला होता, तेव्हा मी ते तिच्याच गळ्याभोवती दहा मिनिटं बांधून ठेवलं. पुन्हा विषय निघाला नाही. कोणताही धागा घेताना हीच परीक्षा करा: गुंडा हनुवटीखाली, गळ्याशी घासून पाहा. बोटांना घरकामाने घट्टे पडलेले असतात, त्यांना काही कळत नाही.

‘बांबू’ म्हणून जो मखमली धागा मिळतो तो बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला व्हिस्कोस असतो. हाताला सुंदर, पण ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते आणि कपडा लांबतो. हलक्या हाताने धुणाऱ्या घरात ठीक, दानात नको. ‘मिल्क कॉटन’ हे नाव ऐकून भुलू नका, पट्टी वाचा. त्यात ॲक्रिलिक किती आणि सूत किती यावर सगळं अवलंबून आहे.

काही धागे मी दारातूनच परत पाठवते. मोहेर, अंगोरा आणि केसाळ ‘फर’ लोकर: त्यांचे केस सुटतात, बाळाच्या नाका-तोंडात जातात. शेनीलचा मखमली धागा, ज्याचे रेशे ओढले की निघतात आणि टोकं कितीही लपवली तरी बाहेर येतात. जरी किंवा टिकल्या गुंफलेला तर विषयच नको.

हातमोजे आणि पायमोजे यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे धागा नुसता टोचत नाही, इजा करतो. मोज्याच्या आतला एखादा सुटा धागा किंवा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बाळ पाय झाडतं तसा तो आवळतो, बोट सुजतं, धागा सुजेत रुततो आणि रक्तपुरवठा तुटतो. बाळ रडत राहतं आणि घरचे पोटात दुखतंय म्हणून ओवा-हिंग लावत बसतात. डॉक्टरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. वेळेवर ध्यानात आलं नाही तर बोट गमवावं लागतं. म्हणून मोज्यांत दोन रंगांची नक्षी नको, कारण तिच्या आतल्या बाजूने धागे आडवे लोंबतात. जाळीची वीण नको. केस सुटणारा धागा तर नकोच. टोकं दोन्ही बाजूंनी निदान पाच-सहा सेंटिमीटर विणीत ओवून कापा. आमच्याकडे नियम आहे: प्रत्येक मोजा उलटा करून दुसऱ्या बाईने बोट फिरवून तपासायचा, जिने विणला तिने नाही. हातमोजे आम्ही आता करतच नाही. बाळाला हात चोखायचे असतात, ओला हातमोजा गार पडतो, आणि झबल्याची बाही लांब केली की नखांचं काम भागतं.

टोपीला गळ्याखाली बांधायची नाडी, रिबीन, गोंडा, बटण लावू नका. कुंचीला नाडी असते हे मला ठाऊक आहे, माझ्या आजीने शिवलेली कुंची अजून ट्रंकेत आहे. पण बाळंतविड्यातली कुंची आईच्या नजरेसमोर घातली जाते. आपण दिलेली टोपी कोणाच्या नजरेसमोर असेल, सांगता येत नाही. घरी गेल्यावर बाळ धडधाकट असेल तर घरात झोपताना टोपीची गरज नसते, तोंडावर घसरण्याचा आणि अंग तापण्याचा धोका असतो. कक्षातली छोटी बाळं वेगळी, तिथे सिस्टर पाहत असतात. चिठ्ठीत हे एक वाक्य लिहा.

दुकानात पट्टी नसलेली, किलोवर विकली जाणारी सुटी लोकर स्वस्त पडते आणि तिचा मोह होतो. घ्यायला हरकत नाही, पण आधी जाळून पाहा. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, खिडकी उघडा, ओढणी-पदर खोचून घ्या. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत रेंगाळून विझली आणि उरलेला काळा गोळा चिमटीत चुरला गेला, तर ती खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास, पटकन पेट आणि हलकी राखाडी राख, तर सूत किंवा व्हिस्कोस. काळा धूर, वितळून टपकणारे थेंब आणि गार झाल्यावर न चुरणारा कडक मणी, म्हणजे ॲक्रिलिक किंवा तत्सम काही. मिश्रणात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, तेव्हा दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा त्या मण्यावर विश्वास ठेवा.

रंगासाठी पांढरा ओला रुमाल धाग्यावर घट्ट घासा. डाग पडला तर तो धागा बाद, कारण बाळ टोपीची कड आणि बाही चोखणारच. पट्टीवर ‘ओएको-टेक्स १००’ची खूण असेल आणि त्यात पहिला वर्ग म्हटलं असेल, तर तो धागा तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या निकषाने तपासलेला असतो. बालवस्तूंसाठी एवढी एक खूण मी मानते. काळा रंग बारशाच्या भेटीत कोणी घेत नाही, हे लक्षात ठेवा. पण काळे गुंडे उरलेच तर टाकू नका, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणात काळंच झबलं लागतं. आम्ही जानेवारीआधी काळे बिनबाह्यांचे स्वेटर मुद्दाम करतो, आणि ते सगळ्यांत आधी संपतात.

आता एक गोष्ट जी लोकरीच्या दुकानात कोणी सांगणार नाही. विणून झालेले कपडे पेटीत ठेवताना डांबरगोळ्या टाकू नका. एकही नाही, कागदात गुंडाळूनही नाही. काही बाळांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत हा दोष आढळतो. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ इतकी चढते की मेंदूला धोका होतो. वर्ष-वर्ष ट्रंकेत पडलेला जुना लोकरीचा साठा कोणी दान दिला आणि त्याला तो वास असेल, तर मी तो बाळांसाठी वापरत नाही. सूत आणि ॲक्रिलिकला कसर लागत नाहीच. खऱ्या लोकरीसाठी वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि देण्याआधी कपडे धुऊन उन्हं दाखवा. धुणं तर कुठलाही धागा असला तरी हवंच. गुंडा गिरणीपासून आपल्या मांडीपर्यंत किती हातांतून आलेला असतो.

मापं आणि वजनं पटकन सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर, दोन किलोच्या बाळाचा साधारण ३१, दीड किलोच्या बाळाचा २८-२९. आपल्याकडे येणाऱ्या टोप्यांची नेहमीची तक्रार ‘फार मोठ्या’ अशीच असते, म्हणून निम्म्या टोप्या लहान मापाच्या करा. फोर-प्लाय ॲक्रिलिकला दहा नंबरची सुई, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. दहा सेंटिमीटरला अठ्ठावीसच्या आसपास टाके बसले तर तीस सेंटिमीटर डोक्याला शहात्तर टाके पुरतात. सुतासाठी अकरा नंबर घ्या आणि टाके पुन्हा मोजा. लहान टोपीला पंधरा ग्रॅमच्या आत धागा लागतो, मोठ्या टोपीला पंचवीसपर्यंत, नवजात स्वेटरला ऐंशी-नव्वद ग्रॅम.

तुमच्या गटाने पहिल्या आठवड्यात काय करावं? रुग्णालयात जाऊन कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा, दुपारी दोनच्या ड्युटी-बदलाच्या वेळेला नको. त्यांना चारच गोष्टी विचारा: कपडे इथे धुतात की बाहेर जातात, पाणी किती गरम असतं, ब्लीच घालतात का, आणि टोपी बाळाबरोबर घरी जाते की कक्षातच राहते. घरी जात असेल तर सुती-ॲक्रिलिक मिश्रण चालेल. कक्षात राहत असेल तर शुद्ध सूत. पाड्यांसाठी आशाताईंना विचारा की घरात चूल कुठे आहे आणि बाळाचे कपडे कशाने धुतात.

मग प्रत्येक धाग्याचा एकच गुंडा आणा, सगळा साठा नको. प्रत्येकीने दहा बाय दहा सेंटिमीटरचा एक तुकडा विणायचा, मोजपट्टीने मोजायचा, आणि सिस्टरनी किंवा आशाताईंनी सांगितलं असेल अगदी तसाच चार वेळा धुवायचा. रुग्णालयाचा तुकडा पातेल्यात उकळायचा, पाड्याचा तुकडा वडीने दगडावर घासायचा, हात राखून नाही. वाळल्यावर पुन्हा मोजायचा आणि गळ्याशी घासून पाहायचा. किती आटला, किती लांबला, रंग गेला का, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी गुंड्याच्या पट्टीला टाचणीने लावून ठेवा. भिशीच्या पुढच्या बैठकीला ते सगळे तुकडे जाऊबाईंसह सगळ्यांपुढे मांडा, आणि त्यावरून गुंड्यांची ऑर्डर द्या.